एकशे आठवे लिंग

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना वाटेत पापनाशम लागते. तालुक्याचे गाव आहे, आणि भोवती कावेरीच्या फाट्यांवर पिकणारी भातशेती. पाप जिथे नाहीसे होते ते ठिकाण, असा या नावाचा सरळ अर्थ. स्थलपुराणातली कथा अशी : लंकेहून परतताना रामाच्या लक्षात आले की खर-दूषणांच्या वधाचा दोष अजून पाठीशी आहे. दोष फेडायला शिवपूजा करायची, म्हणून त्याने हनुमंताला काशीहून लिंग आणायला धाडले. हनुमंताला उशीर झाला. तोवर सीतेने नदीकाठची वाळू घेऊन लिंगे घडवली आणि पूजा पार पडली. काशीचे लिंग घेऊन पोचलेल्या हनुमंताला वाईट वाटले; त्याने वाळूचे एक लिंग शेपटीने उपटून पाहिले, पण ते जागचे हलेना. मग रामाने त्याची समजूत घालून काशीचे लिंग देवळाच्या बाहेरच्या बाजूला बसवले. आज रामलिंगस्वामींच्या देवळात लिंगांच्या रांगाच्या रांगा आहेत. आत एकशे सात, आणि बाहेर हनुमंताचे एकशे आठवे. बाहेरच्या लिंगाचे दर्शन घेतल्याखेरीज आतली पूजा पुरी होत नाही, अशी तिथली श्रद्धा आहे.

ही कथा मला आजच्या एका अगदी व्यवहारी प्रश्नाशी जोडलेली दिसते. वारा आणि ऊन यांपासून वीज करणाऱ्या भारतीय कंपन्यांना आता परदेशी बाजार खुणावतो आहे. कुणी पवनचक्क्या विकतो, कुणी सौर पॅनेल, कुणी दुसऱ्या देशात जाऊन प्रकल्पच उभारतो, तर कुणी विजेचा अमोनिया करून जहाजात भरतो. या मालाला आपण ‘स्वच्छ’ म्हणतो. पण स्वच्छ हे विशेषण तांदळाच्या ‘बारीक’सारखे किंवा कापडाच्या ‘सुती’सारखे नाही. त्यात शौच-अशौचाचा, दोष आणि दोषमुक्तीचा अर्थ आधीपासूनच भरलेला आहे. घेणारा युनिटाचे पैसे देतो तेव्हा त्यांतले काही पैसे आपला दोष फिटावा म्हणूनही देत असतो. म्हणून हा प्रश्न जितका व्यापाराचा आहे तितकाच धर्मशास्त्राचा : शुद्धी दुरून आणता येते का, आणि विकता येते का? माझे उत्तर असे की साधन विकता येते, पुण्य विकता येत नाही. आणि या दोहोंची गल्लत झाली की धर्म तर बुडतोच, व्यापारही फार काळ टिकत नाही.

तंजावरच्या किनाऱ्याला सगळ्यांत जवळचा परदेशी वीजबाजार श्रीलंकेचा. जाफन्याजवळच्या नेदुंतीवु, अनलैतीवु आणि नैनातीवु या तीन बेटांना मुख्य बेटाच्या ग्रिडची वीज पोचत नाही. तिथे डिझेलवर जनित्रे चालतात आणि डिझेल होडीने येते. 2021 साली या बेटांवर सौर आणि पवन वीज उभारण्याचे कंत्राट एका चिनी कंपनीला मिळाले होते. भारताने हरकत घेतली, ते काम थांबले, आणि भारताने सुमारे 1 कोटी 10 लाख डॉलरचे अनुदान देऊ केले. 2024च्या मार्चमध्ये बंगळुरूच्या यू-सोलर या कंपनीशी करार झाला. नैनातीवुवर नागपूषणी अम्मनचे देऊळ आहे आणि बौद्धांचा नागदीप विहारही आहे. दोन धर्मांचे यात्रेकरू एकाच होडीने तिथे उतरतात. हे अनुदान निव्वळ दान आहे असे कुणी म्हणणार नाही. चीन आपल्या दाराशी येऊ नये, हा हेतू त्यात उघड आहे. तरी बेटावरच्या माणसाला जे मिळते ते साधन आहे : पॅनेल, पवनचक्की, बॅटरी, तारा. त्याच्या घरचे डिझेल जळायचे कमी झाले तर धूर त्याच्याच आकाशातला कमी होईल. दाता मनाने शुद्ध आहे की नाही यावर ते अवलंबून नाही. साधनाची निर्यात अशी सरळ असते.

तुतिकोरिन बंदरात मात्र प्रश्न अवघड होतो. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला केंद्र सरकारने 4 जानेवारी 2023 रोजी मंजुरी दिली. 2030पर्यंत वर्षाला 50 लाख टन हरित हायड्रोजन करायचा आणि त्यातला मोठा वाटा परदेशी पाठवायचा, असा बेत आहे. या हायड्रोजनचा हरित अमोनिया करून तो तुतिकोरिनहून जपानला पाठवण्यासाठी सेंबकॉर्प या कंपनीचा सोजित्झ, क्यूशू इलेक्ट्रिक या जपानी कंपन्यांशी 2024मध्ये प्राथमिक करारही झाला. एक किलो हायड्रोजन वेगळा करायला रसायनशास्त्राच्या हिशेबानेच नऊ लिटर शुद्ध पाणी लागते. पाणी शुद्ध करताना वाया जाणारे धरले तर कितीतरी जास्त. म्हणजे तमिळ मुलखातला वारा, ऊन आणि पाणी बाटलीत भरून समुद्रापार जाणार. जपानात या अमोनियाचे काय होऊ शकते? 2024च्या उन्हाळ्यात तिथल्या हेकिनान केंद्रात कोळशाबरोबर वीस टक्के अमोनिया जाळण्याचा प्रयोग झाला. उरलेले ऐंशी टक्के कोळसाच होता. आणि इकडे, ज्या बंदरातून हा हरित माल निघायचा त्याच बंदरात कोळशाची जहाजे रिकामी होतात. शेजारचे 1,050 मेगावॉटचे औष्णिक केंद्र अनेक दशके त्याच कोळशावर चालत आले आहे. आपल्या देशात वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा-वायूविरहित झाली, हे खरे. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या वर आहे. घरात काळे ठेवायचे आणि पांढरे बाहेर धाडायचे, असा हा मार्ग होऊ शकतो. तिकडे घेणाऱ्याच्या वहीत शुद्धी जमा होते, इकडे आपल्या वहीत कोळसा तसाच राहतो.

कार्बन क्रेडिटचा व्यवहार या गोष्टीला उघड रूप देतो. तिथे वीज हलतच नाही. हलतो तो फक्त ‘इतका धूर वाचला’ हा दावा. 2025च्या ऑगस्टमध्ये भारत आणि जपान यांनी अशा क्रेडिटांच्या देवाणघेवाणीसाठी सहकार्याचा करार केला. पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाचा नियम असा की विकलेली घट विकणाऱ्या देशाला स्वतःच्या खात्यात धरता येत नाही. तेवढा धूर त्याच्या हिशेबात परत चढवावा लागतो. हा नियम मला फार अर्थपूर्ण वाटतो. पुण्य विकले की ते आपल्याकडे उरत नाही, ही जुनीच समजूत त्याने नव्या भाषेत मांडली आहे.

आपल्या परंपरेने हा पेच आधीच ओळखलेला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात पातके आणि प्रायश्चित्ते यांचा सविस्तर विचार केला आहे. त्यात ‘प्रत्याम्नाय’ नावाची एक गोष्ट येते. एखादे कठोर कृच्छ्र, म्हणजे उपासाचे प्रायश्चित्त, न झेपणाऱ्याने त्याऐवजी गाय द्यावी, गाय नसेल तर तिचे मोल द्यावे, किंवा ठरावीक संख्येचा जप करावा. कधी हे दुसऱ्याकरवीही करवता येते. आजच्या कार्बन क्रेडिटचा हा थेट पूर्वज आहे : स्वतः उपास करायचा नाही, उपासाची किंमत भरायची. ही सोय वाढत गेली तसतसा प्रायश्चित्तातला जीव कमी होत गेला, असे मला वाटते. पण त्याच शास्त्रात दुसराही धागा आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याचे मार्ग सांगताना आधी केलेले उघड सांगणे येते, मग पश्चात्ताप, आणि ‘पुन्हा असे करणार नाही’ हा निश्चय. गाईचे मोल भरणारा माणूस दुसऱ्या दिवशी तेच कर्म करायला मोकळा राहिला, तर शास्त्राच्या या धाग्याप्रमाणे त्याची शुद्धी झालेली नाही. क्रेडिट विकत घेऊन नवे कोळशाचे केंद्र बांधणाऱ्या कंपनीला हे तंतोतंत लागू पडते.

वाल्या कोळ्याची गोष्ट आपल्याकडे लहान मूलही सांगू शकते. लुटीचे खाणारे घरचे लोक पापाचा वाटा घ्यायला तयार नव्हते. पापात वाटा कुणाकुणाचा, या प्रश्नाभोवतीच युरोपीय संघाची कार्बन सीमा-कराची योजना फिरते. 1 ऑक्टोबर 2023पासून तिथे पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांच्या आयातदाराला मालामागच्या धुराचा हिशेब द्यावा लागू लागला. 1 जानेवारी 2026पासूनच्या आयातीवर त्या धुराचे पैसे देणेही लागू झाले. या योजनेत आपल्यावर अन्याय करणारे बरेच काही आहे. पण तिच्या मुळाशी असलेली एक गोष्ट मला नाकारता येत नाही : जो वस्तू वापरतो तो तिच्या करण्यातल्या दोषापासून अलिप्त नाही. वाल्याच्या बायकोने हे कबूल केले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. मात्र दोषात वाटा मान्य करणे वेगळे, आणि दुसऱ्याचे पुण्य विकत घेणे वेगळे. महाभारताच्या आदिपर्वात ययाती स्वर्गातून खाली पडतो तेव्हा त्याचे दौहित्र आपापले पुण्यलोक त्याला देऊ करतात. एक जण म्हणतो, दान घ्यायला संकोच वाटत असेल तर गवताच्या काडीच्या मोलाने विकत घे. ययाती नाही म्हणतो. असला खोटा सौदा आपण कधी केला नाही, म्हणतो. शेवटी ययाती धरून ते पाचही जण एकत्र वर जातात. कुणाचे पुण्य कुणी घेतलेले नाही. सगळे आपापल्या कर्मांसह एकमेकांच्या सोबतीने चढले.

यावर शास्त्रज्ञ म्हणेल, आणि त्याचे म्हणणे वजनदार आहे, की वातावरण एकच आहे. एक टन कार्बन डायऑक्साइड तंजावरला वाचला काय आणि टोकियोला वाचला काय, समुद्राच्या उष्णतेला फरक पडत नाही. मग जिथे स्वस्तात वाचतो तिथे वाचवावा, पैसा जिथे आहे तिथून यावा. पापपुण्याचा विचार मध्ये आणून काम लांबवू नये. वायूपुरते हे पूर्ण खरे आहे. पण याच कारणाने हिशेब एकदाच धरला पाहिजे, आणि व्यवहारात तो एकदाच धरला जातो असे नाही. दावा विकल्यावरही विकणारा आपल्या वार्षिक अहवालात तीच पवनचक्की ‘आमची हरित कामगिरी’ म्हणून छापू शकतो. दुसरे असे की धूर एक असला तरी कर्ता एक नाही. हेकिनानच्या भट्टीत काय जळणार हे जपानी माणसाने ठरवायचे आहे. ते ठरवणे तुतिकोरिनच्या वाऱ्याला जमणार नाही. स्वस्तात वाचवण्याची सोय मिळाली की अवघड ठिकाणी वाचवणे पुढे ढकलले जाते. पापनाशममध्ये पालैवननाथांच्या देवळाशी नायक राजांच्या काळातले विटांचे धान्याचे कोठार आहे, वर निमुळते होत गेलेले. त्यातले भात गाडीत भरून कुठेही नेता येत होते. ते भात शिजवून भुकेल्याला वाढायचे ते मात्र जिथे भूक आहे तिथेच.

स्वच्छ विजेच्या निर्यातीत आणखी एक गोष्ट लपून जाते, ती म्हणजे ज्या जागी यंत्र उभे राहते तिथल्या माणसांची संमती. श्रीलंकेच्या मन्नार आणि पूनेरीन या भागांत 484 मेगावॉटचा पवन प्रकल्प एका मोठ्या भारतीय कंपनीला मिळाला होता. 2024मध्ये दर ठरला, युनिटला 8.26 अमेरिकन सेंट. दर जास्त आहे, निविदा न काढता काम दिले गेले, आणि मन्नार हा मध्य आशियातून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांचा मार्ग आहे, अशा हरकती तिथल्या न्यायालयापर्यंत गेल्या. नव्या सरकारने दर कमी करायला सांगितले, आणि 2025च्या फेब्रुवारीत कंपनीने माघार घेतली. बाजारातल्या बऱ्याच जणांनी याला श्रीलंकेचा करंटेपणा म्हटले. मला तसे वाटत नाही. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाचा तपस्वी इतका स्थिर उभा राहतो की त्याच्या जटांत पक्षी घरटे करतात, पिले मोठी होऊन उडून जातात. त्याला तपाचा गर्व होतो, आणि त्याला सांगितले जाते, काशीच्या तुलाधार वाण्याकडे जा. तुलाधार रस, सुगंध असा माल विकणारा साधा दुकानदार. तो सांगतो : माझा तराजू सगळ्या प्राण्यांना सारखा आहे, कुणालाही भय देऊन मी जगत नाही. पक्ष्यांना आसरा देणाऱ्या तपस्व्याला व्यापाऱ्याकडून धर्म शिकावा लागतो, ही गोष्ट मला या विषयाचे केंद्र वाटते. मन्नारच्या पक्ष्यांचा आणि मच्छीमारांचा विचार तराजूत नसेल तर त्या पवनचक्कीच्या विजेला स्वच्छ म्हणण्यात अर्धेच सत्य आहे.

पापनाशमच्या शेतकऱ्यांना हे परक्याने समजावून सांगण्याची गरज नाही. कावेरीच्या खोऱ्यात जमिनीखालचा मिथेन काढायची योजना आली तेव्हा या मुलखाने वर्षानुवर्षे विरोध केला. 2017च्या जूनअखेर कुंभकोणमजवळच्या कदिरामंगलममध्ये तेलवाहिनी गळली आणि गाव रस्त्यावर आले. 2020मध्ये तमिळनाडूने कायदा करून तंजावरसह डेल्टाच्या जिल्ह्यांना संरक्षित कृषी क्षेत्र ठरवले. नव्या तेल, वायू आणि कोळसाथर-मिथेन प्रकल्पांना तिथे बंदी झाली. 2023च्या एप्रिलमध्ये तंजावर जिल्ह्यातल्या वडसेरीसह तीन कोळसापट्टे केंद्राला लिलावातून मागे घ्यावे लागले. देशाला ऊर्जा हवी, हा युक्तिवाद तेव्हाही होता. डेल्टाने सांगितले, या मातीत भात पिकते, ते आधी. ज्याला आपल्या घरी ‘नाही’ म्हणण्याचा हक्क हवा त्याने मन्नारच्या माणसाचा तोच हक्क मान्य करायला हवा, मग आणलेली वस्तू कोळसा असो की वारा.

व्यापाऱ्याची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. तो म्हणेल, नफ्याशिवाय एकही पाते फिरणार नाही. तुमच्या धर्मचर्चेने कर्जाचा हप्ता भरला जात नाही. खरे आहे, आणि आपल्या संतपरंपरेने व्यापाराला कधी हीन मानलेले नाही. तुकोबा स्वतः दुकानदाराच्या घरचे. त्यांनी कर्जखते इंद्रायणीत टाकली ती व्यापार पाप म्हणून टाकली नाहीत. दुष्काळात गांजलेल्या ऋणकोची मान त्या कागदांनी आवळली जात होती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तर सगळ्या शौचांत पैशाच्या व्यवहारातले शौच श्रेष्ठ म्हटले आहे. माती आणि पाणी लावून झालेली शुद्धी त्याच्या खालची. पुण्याच्या सुझलॉनची गोष्ट इथे आठवते. 1995 साली सुरू झालेल्या या कंपनीने अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पवनचक्क्या नेल्या. अमेरिकेत तिच्या काही पात्यांना तडे गेले, आणि 2008मध्ये तिने ती पाती मजबूत करून देण्याची मोहीम हाती घेतली. तोटा झाला, नाव खाली आले. तरीही आपल्या मालाचा दोष आपल्या अंगावर घेणे, हे मी अर्थशौच समजतो. मालावर लावलेल्या हिरव्या पट्टीपेक्षा ते कितीतरी मोलाचे. सौर पॅनेलचेही तसेच. अमेरिकेच्या 2022पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या सक्तीच्या मजुरीचा अंश पॅनेलमध्ये नाही हे आयातदाराला दाखवावे लागते. तो कायदा करणाऱ्यांचे हेतू राजकीय असतीलही. पण भारतात जोडलेल्या पॅनेलमधला सिलिकॉन कुणाच्या हातांनी, कोणत्या विजेवर वितळला, हे विचारणे द्रव्यशुद्धीचेच विचारणे आहे, आणि ते आपण आपल्या बाजारातही विचारायला हवे.

सगळ्यांत अवघड आक्षेप न्यायाचा आहे. दोनशे वर्षे धूर केला पश्चिमेने. आपल्या माणसाच्या वाट्याला वर्षाला सुमारे 1,400 युनिट वीज येते, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. मग त्यांच्याकडून क्रेडिटचे पैसे घेतले तर पाप कसले? पैसे घेण्यात पाप नाही. पण जो देणे लागतो त्याने देणे म्हणून द्यावे. ऋणकोने बुडवलेले पैसे परत करताना त्याबदल्यात आपल्याकडून सुटकेचा दाखला मागावा, तसे हे क्रेडिट आहे. ऋण फेडणे आणि माफी विकत घेणे यांत फरक आहे, आणि तो फरक गरिबाने पुसू देऊ नये. आपण दाखला विकला की पुढच्या परिषदेत ऋणाची गोष्ट काढायला आपल्याला तोंड राहणार नाही.

तेव्हा निर्यात करू नये असे माझे म्हणणे नाही. संपूर या त्रिंकोमलीजवळच्या जागी भारत आणि श्रीलंका मिळून 500 मेगावॉटचे कोळशाचे केंद्र बांधणार होते. 2016मध्ये ते सोडून दिले गेले, आणि 2025च्या एप्रिलमध्ये त्याच जागी 120 मेगावॉटच्या सौर प्रकल्पाच्या कामाला सुरुवात झाली. तिथे न बांधलेले कोळशाचे केंद्र हेच त्या निर्यातीचे खरे मोल आहे. पापनाशमच्या कथेत काशीचे लिंग खोटे ठरवून परत पाठवलेले नाही. त्याला जागा मिळाली, मानही मिळाला. पण सीतेच्या हाताखालून निघालेल्या वाळूच्या लिंगांना हलवून नव्हे. दोष होता रामाचा, पूजा केली राम-सीतेने, माती होती त्या नदीची. हनुमंताने आणले ते सोबतीला.

नैनातीवुच्या प्रकल्पात ऊन आणि वारा यांच्या जोडीला डिझेलची जनित्रे राखीव ठेवायची आहेत, वारा पडला आणि बॅटरी उतरली तर गाव अंधारात राहू नये म्हणून. महिन्याला ती किती तास चालली, होडीतून किती पिंपे उतरली, याची नोंद तिथल्या एखाद्या वहीत होत राहील. बंगळुरूत किंवा दिल्लीत या कामाचा अहवाल लिहिणाऱ्याने आपण किती पॅनेल पाठवले याच्या आधी त्या वहीतला आकडा मागवून घ्यावा.